कॉलेज छोटं आहे हे कळलं, पण तिथे ग्रेड कसे देतात?

पत्र थोडक्यात असं: ठाण्याकडची एक मुलगी, बारावी सायन्स, दोन वर्षं इंटिग्रेटेड क्लासला. दर पंधरा दिवसांनी टेस्ट आणि टेस्टच्या रँकप्रमाणे बॅच बदलते. दहावीपर्यंतची जिवलग मैत्रीण आता नोट्स दाखवत नाही, डाउट विचारला तर "मलापण नाही गं आलं" म्हणते आणि टेस्टमध्ये नेमकं तेच गणित तिचं बरोबर येतं. हिला गणित मनापासून आवडतं, सायकॉलॉजीही शिकावीशी वाटते, इंजिनिअरिंग नको आहे. अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांची (म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणारी, जिथे एका विषयाबरोबर इतरही विषय घेता येतात) चौदा नावांची यादी तिने केलीये, आणि चौदाही वेबसाइटवर 'सपोर्टिव्ह', 'कोलॅबोरेटिव्ह' असंच लिहिलंय. स्वभाव बुजरा, शिक्षण सेमी-इंग्लिश, म्हणून छोटं कॉलेज सोपं जाईल असं तिला वाटतं. बाबा म्हणतात यातल्या एकाचंही नाव आमच्या ऑफिसात कुणी ऐकलेलं नाही, आणि आर्ट्सलाच जायचंय तर ठाण्यात कॉलेजं कमी आहेत का. घरून वर्षाला वीस लाखांपर्यंत निघतील. काउन्सेलर म्हणतो रँकिंगमधलं वरचं एक धर आणि अर्ली डिसिजन (प्रवेश मिळाला तर इथेच येईन असा शब्द देऊन केलेला अर्ज) टाकून मोकळी हो. तिचा प्रश्न: ताई, या चौदांमधलं खरंच सपोर्टिव्ह कोणतं?

अगं, आधी तुझ्या मैत्रिणीबद्दल बोलू, कॉलेजांकडे नंतर येऊ, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथेच दिसतंय. तू लिहिलंयस की ती बदलली, स्वार्थी झाली. असेलही. पण हीच मुलगी दहावीपर्यंत तुझ्याबरोबर डबा आणि भूमितीची वही दोन्ही वाटून घेत होती ना, मग मध्ये झालं काय? झालं एवढंच की कुणीतरी एक नियम केला, पंधरा दिवसांनी रँक, रँकप्रमाणे बॅच, आणि वरच्या बॅचला चांगले सर. आता तिने तुला एक गणित नीट समजावून दिलं तर पुढच्या टेस्टला तिचीच जागा जाऊ शकते. अशा ठिकाणी कितीही भल्या स्वभावाची मुलगी आणून बसवलीस तरी ती वही झाकूनच बसेल.

म्हणून मला वाटतं की "कुठलं कॉलेज सपोर्टिव्ह आहे" हा प्रश्नच थोडा बाजूला ठेव. ते विशेषण सगळेच लावतात, फुकट असतं ते. त्याऐवजी विचार की या कॉलेजात ग्रेड कसे देतात, परीक्षा कशी घेतात, चांगल्या कोर्सला जागा किती, अडलं तर रात्री नऊ वाजता कुणाकडे जायचं. याची उत्तरं मिळाली की वातावरण कसं असेल ते आपोआप कळतं.

आणि छोटं म्हणजे प्रेमळच असं अजिबात नाही हं. वेल्स्ली घे, मुलींचं कॉलेज, जेमतेम अडीच हजारांच्या आत मुली, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री झालेल्या हिलरी क्लिंटन आणि मॅडलिन ऑलब्राइट तिथल्याच. २००४ मध्ये तिथे नियम आला की सुरुवातीच्या आणि मधल्या पातळीवरच्या वर्गांची सरासरी बी प्लसच्या वर जाता कामा नये. हेतू चांगला असेल, ग्रेड फुगले होते, पण विचार कर, वर्गाची सरासरीच बांधून टाकली की शेजारणीला मिळालेला ए तुला कुठेतरी महागात पडणारच. २०१४ पासून त्यांनी पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, न दाखवण्याची पद्धत सुरू केली, म्हणजे नवीन मुलीला चाचपडायला एक सेमिस्टर मिळतं, आणि पुढे तो सरासरीचा नियमही मागे घेतला. कॉलेज तेच, फक्त नियम बदलला.

उलट बाजूला हॅवरफर्ड बघ. फिलाडेल्फियाच्या जवळ आहे, १८३३ साली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी काढलेलं, साधारण चौदाशे विद्यार्थी. तिथे ऑनर कोड, म्हणजे प्रामाणिकपणाने वागण्याचे नियम, आहे आणि तो मुलांनीच चालवलेला आहे, दरवर्षी सगळे एकत्र जमून तो पुन्हा मंजूर करतात. सेमिस्टरच्या शेवटी बऱ्याच परीक्षांची वेळ विद्यार्थी स्वतः ठरवतात, पेपर घेऊन बसतात, सुपरव्हायझर नसतो, कॉपी करायची नाही म्हणजे नाही. आणि एकमेकांना "तुला किती पडले" विचारायचं नाही असा तिथला रिवाज आहे. आपल्याकडे रिझल्टच्या दिवशी वॉचमनकाकासुद्धा विचारतात, त्यामुळे हे वाचून तुला बरं वाटेल :) जवळच ब्रिन मॉर आहे, मुलींचं, तिथेही अशाच पद्धतीचा ऑनर कोड आहे आणि दोन्ही कॉलेजांच्या मुली-मुलं एकमेकांकडचे कोर्स घेऊ शकतात, मध्ये बस धावते. ही सोय छोटी गोष्ट समजू नकोस, कारण छोट्या कॉलेजात वरच्या पातळीचं गणित दरवर्षी शिकवलं जाईलच याची खात्री नसते, एखादा विषय दोन वर्षांतून एकदाच येतो. स्वार्थमोरसुद्धा याच गटात आहे आणि तिथे पहिलं सेमिस्टर नुसतं पास-नापास असतं. मॅसॅच्युसेट्समध्ये स्मिथ, माउंट होल्योक, ॲम्हर्स्ट यांचं असंच आपसात आहे, शेजारच्या स्टेट युनिव्हर्सिटीसकट.

आता एक गोष्ट तुला आवडणार नाही. एकमेकांना मदत करतात याचा अर्थ काम कमी असतं असा नाही. पोर्टलंडच्या रीड कॉलेजात ग्रेड तू मागितल्याशिवाय सहसा सांगतही नाहीत, पण वाचन इतकं की पोरं लायब्ररीतच राहायला गेल्यासारखी असतात, आणि शेवटच्या वर्षी प्रत्येकाला थीसिस लिहावाच लागतो. कॅलिफोर्नियातलं हार्वी मड, तिथे मुलं होमवर्क एकत्र बसूनच करतात, ऑनर कोड आहे, पहिल्या सेमिस्टरला ग्रेड नाहीत, म्हणजे तुझ्या यादीत शोभेल असं सगळं. तिथेच २०१७ मध्ये कामाच्या ओझ्यावरून आणि मानसिक ताणावरून विद्यार्थ्यांनी इतका आवाज उठवला की काही काळ वर्ग थांबवावे लागले. म्हणजे बरोबरची मुलं चांगली असूनही माणूस दमू शकतो. तू दोन वर्षं दमलेली आहेस हे पत्राच्या ओळीओळीत दिसतंय, त्यामुळे तुला नक्की कशातून सुटका हवीये, स्पर्धेतून की थकव्यातून, हे स्वतःला विचार. दोन्हीची उत्तरं वेगळी असू शकतात.

बुजरेपणाचं. तुला वाटतंय छोटं कॉलेज बुजऱ्या मुलीला सोयीचं. मला उलट वाटतं, निदान पहिले तीन-चार महिने. दोनशे मुलांच्या लेक्चरला तू शेवटच्या बाकावर बसून चार वर्षं काढू शकतेस, कुणाला पत्ताही लागत नाही. बारा जणांच्या सेमिनारमध्ये टेबलाभोवती बसतात, प्रोफेसर नावाने विचारतात "तुला काय वाटतं", आणि बोलण्याला मार्क असतात. सेमी-इंग्लिशमुळे वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. होईल असं, अगदी नक्की होईल. पण फरक हा की तू गप्प आहेस हे तिथे कुणाच्या तरी लक्षात येतं. आयोवातल्या ग्रिनेलमध्ये अख्ख्या कॉलेजसाठी सक्तीचा असा एकच कोर्स आहे, पहिल्या सेमिस्टरचं ट्यूटोरियल, आणि ते शिकवणारे सरच सुरुवातीला तुझे ॲडव्हायझर असतात, म्हणजे तुला आठवड्यातून दोन-तीनदा बघणारा माणूसच तुझे विषय ठरवायला मदत करतो. हे मला 'सपोर्टिव्ह' या शब्दापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. ऑफिस अवर्सला, म्हणजे प्रोफेसर मुलांना भेटायला राखून ठेवतात त्या वेळेला, जायची लाज मात्र सोडावी लागेल. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये बोलावलं म्हणजे काहीतरी चुकलं असतं, तिथे मुलं आपणहून जातात, नुसतं बोलायलासुद्धा.

छोट्याचा त्रासही सांगते, कारण वेबसाइट सांगणार नाही. पंधराशे मुलांत रूममेटशी भांडण झालं तर ती रोज मेसमध्ये दिसणार. ब्रेकअप झालं तर विचारूच नकोस. ग्रिनेल गाव सगळं मिळून नऊ-दहा हजार वस्तीचं, चहूकडे मक्याची शेतं, मोठं शहर म्हणजे डे मॉइन, तासाभराच्या अंतरावर, आणि जानेवारीतली थंडी ठाण्याच्या माणसाला सांगून कळत नाही. शहर हवं असेल तर मिनेसोटातलं मॅकॅलेस्टर बघ, सेंट पॉल शहराच्या आतच आहे, संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान तिथे शिकले, परदेशी मुलं भरपूर. थंडी मात्र तिथेही तेवढीच, ती काही चुकत नाही.

आता बाबा. बाबांना हसू नकोस, ते निम्मे बरोबर आहेत. मुंबईतल्या एचआरवाल्याला हॅवरफर्ड म्हणजे काय ते माहीत नसतं आणि पुढेमागे परत यायचं असेल तर पहिल्या नोकरीला हे अडू शकतं. पण आर्ट्सला चाललीये हा समज आधी दूर कर, तिथे गणित, फिजिक्स, कॉम्प्युटर सायन्स सगळं मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून असतं, स्मिथ आणि स्वार्थमोरला तर इंजिनिअरिंगसुद्धा आहे. आणि बाबांना रॉबर्ट नॉइसची गोष्ट सांग, इंटेलचा एक संस्थापक, ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरशी त्याचा संबंध आहे. तो ग्रिनेलचा, १९४९ चा ग्रॅज्युएट. कॉलेजात असताना पार्टीसाठी याने आणि मित्राने शेतकऱ्याचं डुक्कर चोरलं, आणि आयोवात त्या काळी तो गंभीर गुन्हा होता. हकालपट्टीच व्हायची, पण फिजिक्सचे प्रोफेसर ग्रँट गेल मध्ये पडले आणि एका सेमिस्टरच्या सस्पेन्शनवर निभावलं. याच गेल सरांनी बेल लॅब्जकडून नुकत्याच शोधलेल्या ट्रान्झिस्टरचे दोन नमुने मिळवले होते, आणि परत आलेल्या नॉइसला ते बघायला मिळाले, जगात फार थोड्या विद्यार्थ्यांना मिळाले असतील तेव्हा. चोरीचं समर्थन नाही करत मी, पण सरांना मुलगा माहीत होता म्हणून ते मध्ये पडले, हे मोठ्या युनिव्हर्सिटीत झालं असतं का ते बाबांनाच विचार. नोबेल मिळालेली जेनिफर डाउडना पोमोना कॉलेजची, तेही असंच छोटं. आणि पुढे पीएचडीला जाणाऱ्यांचं प्रमाण बघितलं तर रीड, स्वार्थमोर, कार्लटन, ग्रिनेल ही नावं कायम वर असतात, कारण तिथे पीएचडीचे विद्यार्थीच नसल्यामुळे लॅबमधलं आणि शिकवण्यातलं काम बीए-बीएसच्या मुलांना मिळतं. व्हिसाचं एक विचारून ठेव, शिक्षणानंतर एक वर्ष काम करता येतं आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषय असेल तर आणखी दोन, गणित त्यात बसतं, सायकॉलॉजी मात्र कॉलेजने कुठल्या कोडखाली नोंदवलीये त्यावर ठरतं. हे नियम बदलतही असतात, त्यामुळे अख्खं गणित त्यावर मांडू नका.

खरा अडसर पैशांचा आहे, आणि तुझ्या काउन्सेलरवर मी तिथेच नाराज आहे. या कॉलेजांचा एका वर्षाचा सगळा खर्च बऱ्याच ठिकाणी ऐंशी-नव्वद हजार डॉलरच्या घरात जातो, म्हणजे पाऊण कोटी रुपये धर. तुमचे वीस लाख म्हणजे बावीस-तेवीस हजार डॉलर. उरलेले कॉलेजने द्यायला हवेत, आणि परदेशी मुलीने एवढी मदत मागितली की बहुतेक कॉलेजं प्रवेश देतानाच ते लक्षात घेतात. ॲम्हर्स्ट, बोडन अशी थोडीच आहेत जी परदेशी अर्जदारांचाही निर्णय पैशांकडे न बघता करतात, पण तिथे शंभरातल्या दहाजणांनाही प्रवेश मिळत नाही. अशा वेळी अर्ली डिसिजन म्हणजे एकाच कॉलेजला आधीच शब्द देऊन बसणं. मदत अपुरी पडली तर सुटता येतं, पण दुसऱ्याची ऑफर शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, आणि तुझ्यासारख्या घरासाठी तुलनाच तर सगळ्यात महत्त्वाची. एखादं कॉलेज मनापासून पहिलं असेल, मदत वजा जाता घरून किती भरावे लागतील ते सांगणाऱ्या, त्याच्या वेबसाइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर बाबांसोबत आकडे टाकून बघितले असतील (काही ठिकाणी तो परदेशी मुलांना चालत नाही, मग सरळ मेल करून विचारायचं), आणि मदत पूर्ण करतो असं ते लेखी म्हणत असतील, तरच टाक. रँकिंगमध्ये वर आहे म्हणून तर अजिबात नको.

यादीत तू सगळी प्रसिद्धच नावं घातलीयेस, ती निम्मी कर आणि त्यात वूस्टर, लॉरेन्स, नॉक्स, अर्लहॅम, बेलॉइट अशी थोडी कमी गाजलेली घाल, ही कॉलेजं परदेशी मुलांना मेरिट स्कॉलरशिप देतात आणि शिकवण्याच्या बाबतीत कुणापेक्षा कमी नाहीत. वूस्टरला प्रत्येक मूल शेवटच्या वर्षी एका प्रोफेसरबरोबर स्वतःचा प्रोजेक्ट करतं, अर्लहॅमला प्रोफेसरांना पहिल्या नावाने हाक मारतात (तुला पहिलं वर्षभर जमणार नाही, चालतं). फक्त कॉलेजची आर्थिक तब्येत बघ. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज, १८६८ पासूनचं, २०२४ च्या एप्रिलअखेरीस त्यांनी जाहीर केलं की हे सेमिस्टर संपलं की आम्ही बंद, आणि मुलांना काही आठवड्यांत दुसरीकडे जागा शोधावी लागली. त्यामुळे विद्यार्थी संख्या गेल्या पाच-सात वर्षांत सारखी घसरतीये का, विभाग बंद करतायत का, प्रोफेसर कमी करतायत का, हे शोधायचं. अशा बातम्या कॉलेजच्या विद्यार्थी-वर्तमानपत्रात आधी येतात. तसंही प्रत्येक कॉलेजचं विद्यार्थी-वर्तमानपत्र मागच्या वर्षभराचं चाळ, ग्रिनेलचं 'स्कार्लेट अँड ब्लॅक' ऑनलाइन आहे. पोरं कशाबद्दल चिडलीयेत ते तिथे कळतं, आणि वातावरण समजायला कौतुकापेक्षा तक्रारी जास्त उपयोगी पडतात.

दुसरं म्हणजे कॉमन डेटा सेट, कॉलेजं ठरावीक साच्यात भरून देतात ते आकड्यांचे तक्ते. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोध, पीडीएफ निघते. त्यात बी विभागात पहिल्या वर्षानंतर किती मुलं परत आली ते असतं, आय विभागात किती वर्ग वीसपेक्षा लहान आणि किती पन्नासच्या वर, आणि एच विभागात परदेशी मुलांपैकी किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती. काउन्सेलरच्या फीपेक्षा ही पीडीएफ जास्त सांगते, आणि फुकट आहे.

मग ॲडमिशन ऑफिसला मेल कर की मला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांशी बोलायचंय, एक गणितवाली आणि एक भारतातून आलेली. लाजू नकोस, ते यासाठीच बसलेले असतात. त्यांना "वातावरण कसं आहे" असं विचारू नकोस, "छान आहे" एवढंच येईल. विचार की मागच्या वेळी होमवर्कमध्ये अडकलीस तेव्हा कुणाकडे गेलीस. ग्रेड कर्व्हवर, म्हणजे वर्गातल्या बाकीच्यांच्या तुलनेत, देतात का. हवा तो कोर्स किती वेळा मिळाला नाही, कॉम्प्युटर सायन्सला तर काही ठिकाणी इतकी गर्दी असते की लॉटरी काढतात. दोन आठवडे आजारी पडलीस तर काय होतं. थँक्सगिव्हिंगच्या नोव्हेंबरातल्या सुट्टीत सगळे घरी जातात तेव्हा डॉर्म (हॉस्टेल) आणि मेस चालू असतात का, तू कुठे जातेस. काउन्सेलिंग सेंटरला अपॉइंटमेंट किती दिवसांनी मिळते. उत्तर देताना समोरची थांबली, अडखळली, तर तेही लिहून ठेव.

आणि हे फक्त अमेरिकेतच मिळतं असं धरून चालू नकोस. गणित एवढं आवडतं तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट तुझ्या यादीत का नाही? छोटं, निवासी, पोरं फळ्यासमोर एकत्र उभी राहून गणितं सोडवतात, आणि खर्च तुमच्या आवाक्यात. बंगळुरूला आयएसआयचं (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) बी मॅथ आहे. गणित आणि सायकॉलॉजी दोन्ही हवं तर सोनीपतचं अशोका, श्री सिटीचं क्रेया, आणि पुण्यात फ्लेम आहेच. त्यांनाही हेच सगळे प्रश्न विचार, देशी म्हणून सवलत नको.

वेळेचं मात्र बघ. अर्जांच्या नोव्हेंबर, जानेवारीच्या तारखा, निबंध, सीएसएस प्रोफाइल (मदतीसाठी घरच्या पैशांची माहिती भरायचा फॉर्म), वर फेब्रुवारीत बोर्ड. हे सगळं आत्ताच्या दमलेल्या अवस्थेत रेटायचं की बोर्ड उरकून, एक वर्ष थांबून पुढच्या फेरीत अर्ज करायचे, हा पर्याय आईबाबांसमोर ठेव. नातेवाईक वर्ष वाया गेलं म्हणतील, म्हणू देत, पण त्या वर्षात तू काय करणार हे कागदावर असू दे, कारण कॉलेजही ते विचारतं आणि घरी नुसतं बसून राहिलं तर तुलाच जड जाईल. पुढच्या वर्षी अर्ज करताना यातलं बरंच संशोधन तसंच वापरता येईल, आकडे तेवढे नव्याने बघ.

या रविवारी बाबांसोबत बस, चौदातल्या फक्त तीन कॉलेजांच्या पीडीएफ काढा आणि एच विभागातला परदेशी मुलांना मिळालेल्या सरासरी मदतीचा आकडा वहीत लिहा. बाकी यादी कापायला त्यानंतर फार वेळ लागणार नाही. आणि हो, मैत्रिणीला एकदा क्लासबाहेर भेट, टेस्टचा विषय न काढता.